मठाच्या टाक्यातलं पाणी

आई, मी त्या टेकडीवर परत जाऊन आले. तू गेल्यानंतर एकदाही गेले नव्हते, आणि बाबा तिथं जाऊन राहिले नसते तर आताही गेले नसते. तुला लिहिण्याचं कारण असं की तिथून आल्यापासून मला तुझ्याबद्दल एक शंका आहे आणि ती विचारायला दुसरं कोणी नाही. बाबांना विचारता येणार नाही. का, ते पुढे येईलच. पण आधी हे सांगते की मला तिथं किळस आली. शब्द विचार करून वापरते आहे. राग आला होता, तो उतरला. वाईट वाटलं, तेही आता तितकं वाटत नाही. किळस मात्र राहिली आहे. डाळिंबाचा डाग कितीही धुतला तरी कापडावर राहतो तशी.

माझं काम तुला आवडलं असतं. हैदराबादला औषधं तयार करणाऱ्या एका कंपनीत मी जंतू शोधते. भिंती, टेबलं, नळ, कामगारांचे हातमोजे, सगळ्यांवरून निर्जंतुक कापसाचा बोळा फिरवायचा, तो काचेच्या बशीतल्या खाद्यावर टेकवायचा, बशी उबेत ठेवायची आणि काय उगवतं ते पाहायचं. स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टींवर काय उगवतं ते एकदा पाहिलं की माणूस बदलतो. मी मात्र बदलले नाही, कारण मला ते आधीच माहीत होतं. तू सेवाग्रामच्या दवाखान्यात आया होतीस. संध्याकाळी घरी आलीस की आधी अंगणातल्या नळावर पाय घोट्याच्या वरपर्यंत घासायचीस, लाल साबणानं, आणि दवाखान्याच्या चपला तिथंच भिंतीला टेकवून ठेवायचीस. त्या चपला घरात आल्याचं मला आठवत नाही. मी जवळ यायला लागले की ओला हात पुढे करून म्हणायचीस, थांब, आत्ता मी दवाखान्याची आहे. पाय धुऊन झाले की मग तू आमची व्हायचीस.

एकदा वाळत घातलेल्या मिरच्यांवर शेजारची शेळी आली म्हणून मी तशीच अनवाणी अंगणात धावले होते. शेळी हाकलून परत वळते तर तू दारात. मला वाटलं शाबासकी मिळेल. तू माझा दंड धरून मला नळाकडे नेलंस आणि पाय धुता धुता, वर न पाहता, बोललीस, "मिरच्या गेल्या तर गेल्या. जमिनीत काय काय असते तुले माहीत हाय का? पायातून वर चढते ते." त्या रात्री मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, पायातून काही चढत असेल तर कळावं म्हणून. पुढे कॉलेजात तळपायाच्या कातडीतून शिरणाऱ्या अंकुशकृमीचं चित्र पाहिलं आणि तुझं वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं हे समजलं. त्याच महिन्यात तू मला लेसचे बूट आणलेस. शाळेत सगळ्या मुली चपला घालून यायच्या. माझे बूट पाहून त्या हसल्या तर तू म्हणालीस, हसू दे, त्यांचे पाय त्यांच्यापाशी.

आणि हीच तू वर्षातून एकदा त्या टेकडीच्या पायथ्याशी चपला काढायचीस. आर्वीकडच्या सागाच्या टेकड्यांमधली ती एक उंच टेकडी, वर मठ, मठात समाधी, समाधीच्या मागे कातळात खोदलेलं टाकं. खाली पिशवीत माझे बूट, तुझ्या चपला, बाबांच्या चपला, आणि आपण तिघं तापलेल्या पायऱ्यांवरून उड्या मारत वर जायचो. मी एकदा विचारलं होतं की इथं काऊन चालते. तू म्हणालीस, इथं सगळेच काढतात. एवढंच. मला तेव्हाही ते उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं. वर गेल्यावर टाक्याचं पाणी मला प्यायला द्यायची नाहीस, घरून आणलेल्या बाटलीतलं द्यायचीस. स्वतः मात्र रांगेत उभी राहायचीस, पळीनं ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यायचीस, डोळे मिटून तोंडाशी न्यायचीस. मी बाजूला बाटली धरून उभी. आईसुद्धा असं करते, हा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा गोंधळ होता.

चैत्रात आपल्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंचा फोन आला. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्या फोन करतात, त्यामुळे मधूनमधून गिऱ्हाइकाशीही बोलतात. म्हणाल्या, तुझे बाबा होळीपासून मठात जाऊन राह्यले, आता पाय सुजला म्हणतात, गेलेल्या लोकांनी सांगितलं. मी विचारलं, बाबांनी मला का नाही सांगितलं, फोनवर तर रोज बरं आहे म्हणतात. काकूंनी कुणाला तरी साबुदाणा संपला म्हणून सांगितलं आणि मग म्हणाल्या, "तुले सांगतलं असतं तर तू येऊन भांडली असती. म्हून नाई सांगतलं. आता भांडाले ये." मी त्याच रात्रीच्या गाडीनं निघाले.

बाबांना साखर आहे हे तुला माहीत नाही. तू गेल्यावर चार-पाच वर्षांनी निघाली. एसटीच्या नोकरीत होते तोपर्यंत गोळ्या वेळेवर घ्यायचे, निवृत्त झाल्यावर अधूनमधून. तळपायांची आग व्हायची, रात्री ओला पंचा गुंडाळून झोपायचे. मागच्या दिवाळीला मी आले तेव्हा म्हणाले, आग थांबली, आता एकदम मस्त. मला तिथंच कळायला हवं होतं. आग थांबणं ही चांगली खूण नसते. आधी नस जळते, मग मरते. पण त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मी फक्त गोळ्यांचं विचारलं आणि चकलीचा डबा त्यांच्यापासून लांब ठेवला.

काकूंच्या गाडीनं गेलो. गाडी त्यांच्या मुलाची, चालवायला मी, शेजारी काकू, मांडीवर नारळ आणि पुडक्यात चिवडा. वाटेत संत्र्याच्या बागा उन्हानं मलूल झाल्या होत्या. काकू बोलत राहिल्या आणि बोलता बोलताच ते बाहेर आलं. बाबांनी नवस बोलला आहे. माझं लग्न जमेपर्यंत पायात काही घालायचं नाही, आणि रोज दुपारी, एकही दिवस न चुकवता, मठाला अनवाणी प्रदक्षिणा घालायची. म्हणून घर सोडून तिथं राहिलेत. आपल्या गावात, सगळ्या नालवाडीला माहीत होतं. मी रस्त्यावरून नजर न हलवता विचारलं की दुपारीच का. काकू म्हणाल्या, सकाळी तर कोणीबी घालीन. मला लग्न करायचं नाही हे मी बाबांना दोनदा स्पष्ट सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, समोर बसून. त्यांनी मान हलवली होती. मला वाटलं त्यांना पटलं. ते मनातल्या मनात अपील करत होते.

पायथ्याशी चपलांचं दुकान झालं आहे, टपरीवर उसाचा रस, रसाच्या यंत्राखाली माश्यांचा थर. मी बूट काढले नाहीत. काकूंनी चपला काढल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मधल्या कमानीपर्यंत चालते, पुढं काढजो. पायऱ्या आता काँक्रीटच्या आहेत आणि त्यांच्यावर सगळं आहे. नारळाचं पाणी वाळून चिकट झालेलं, त्यात शेंदूर, त्यात धूळ. प्लॅस्टिकचे द्रोण, अर्धी खाल्लेली बुंदी, तिच्यावर माकडं. वळणावर माणसांनी थुंकलेलं लाल. एका पायरीवर लहान मुलाला बसवून त्याची आई त्याचं ढुंगण धूत होती, आणि ते पाणी खालच्या पायरीवर बसलेल्या बाईच्या पदराकडे सावकाश निघालं होतं. बाई पोळी खात होती. कमानीपाशी मी बूट काढून पिशवीत घातले आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला. काहीतरी मऊ होतं. मी खाली पाहिलं नाही.

टाकं तसंच आहे. पाणी हिरवं, मटाराच्या सालीसारखं, कडेला फेस, त्यात फुलं कुजलेली. एका बाजूनं लोक पाय धूत होते. दुसऱ्या बाजूनं पुजारी पळीनं तेच पाणी ओंजळीत घालत होता. टाकं एकच, आई. दोन बाजू म्हणजे दोन टाकी नव्हेत. तिथल्या एकाही माणसाला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण ते पाहण्याची तिथं पद्धत नव्हती.

बाबा मागच्या ओवरीत सतरंजीवर बसले होते. मला पाहून इतके खूश झाले की उठायलाच लागले. मी हातानं थांबवलं. त्यांच्या डाव्या पायाला भगव्या उपरण्याची पट्टी बांधलेली होती. वास मला दारातच आला. काही वास मी झोपेतही ओळखेन. हा गोडसर होता, द्राक्षं आंबल्यासारखा. तो कोणत्या जंतूचा आहे, त्याचा रंग बशीत कसा हिरवा येतो, हे सगळं मला माहीत आहे, आणि त्या क्षणी हे माहीत असण्याचा उपयोग एवढाच झाला की माझा चेहरा हलला नाही. मी पिशवीतून आणलेले हातमोजे घातले, पट्टी सोडली. आत राख होती. मठातला अंगारा, तुपात कालवून लावलेला, थरावर थर. राखेच्या खाली अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काळं पडलेलं. बोटांच्या मध्ये मुंग्या होत्या. मुंग्या शांतपणे ये-जा करत होत्या. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

बाबा म्हणाले, "दुखत नाई, बाई. बिलकुल नाई. आधी कसा आग व्हायचा पाय, तुले माहीत हाय. नवस बोल्लो अन् थांबलं. आता दुपारचा दगड तापला असला तरी मले समजत नाई. काटा रुतला तरी नाई. कृपा हाय ही."

मी त्यांच्या पोटरीला बोट लावत वर वर गेले आणि विचारत गेले, कळतं का. गुडघ्याच्या जरा खाली आल्यावर म्हणाले, आता कळलं. त्यांना वाटत होतं की मी कौतुक करते आहे. महिनाभर तापलेल्या दगडांवरून हा माणूस चालला, फोड आले, फुटले, आणि दुखत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा चालला. ज्या कारणानं थांबायला हवं होतं तेच त्यांनी चालण्याचं कारण केलं. आणि हे माझ्यासाठी. मला त्या पायाची किळस आली. राखेची आली, मुंग्यांची आली. माझ्या नावानं एक पाय सडतो आहे आणि तो सडवणारा माणूस माझ्याकडे प्रेमानं पाहतो आहे, याची सगळ्यात जास्त आली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुला खोटं कशाला लिहू.

मी सांगितलं की आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं, नाहीतर बोटांवर थांबणार नाही, पाय जाईल, कदाचित तेही जातील. मी हे ज्या आवाजात अहवाल वाचते त्या आवाजात सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, आजची प्रदक्षिणा व्हायची हाय. आणि दवाखान्यात ठेवून घेतलं तर उद्याची चुकते. चुकली की सगळं वाया. मी म्हणाले, मी लग्न करणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, म्हून तर नवस बोल्लो, नाईतर काऊन बोल्लो असतो.

गादीवरच्या महाराजांकडे गेले. हे तुझ्या वेळचे नव्हेत, त्यांच्या नंतरचे. गोरे, मृदू, आवाज खालचा. पंख्याखाली बसले होते. बाबांबद्दल मी सांगितलं तर म्हणाले, मठ कोणाला धरून ठेवत नाही, ते त्यांच्या इच्छेनं राहतात. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. पायात चपला होत्या. काळ्या, जाड मऊ तळाच्या, मागून पट्टा असलेल्या. साखरेच्या रोग्यांसाठी मिळतात त्या. मठात फक्त त्यांच्याच पायात चपला होत्या आणि तिथं बसलेल्या कोणालाही त्यात काही वेगळं दिसत नव्हतं.

"महाराज, तुम्हाला साखर आहे?"

"आहे. बरीच वर्षं झाली."

"औषध घेता?"

"घेतो की. नागपूरला दाखवतो. पायाला फार जपावं लागतं."

"मग बाबांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे खरोखर आश्चर्यानं पाहिलं. "त्यांनी विचारलं नाही, बाई," ते म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. तोच प्रश्न आहे. ढोंगी माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. हा माणूस सकाळी स्वतःचा पाय आरशात तपासून, मलम लावून, मऊ चपला घालून गादीवर येऊन बसतो आणि समोरून एक माणूस रोज दुपारी काळा पडत चाललेला पाय घेऊन जातो ते पाहतो, आणि या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींना कधी भेटतच नाहीत. मला त्याचीच किळस आली. मी भिंतीला हात लावला. भिंतही तेलकट होती.

काकूंनी वाट काढली. त्या माझ्या मागून आत आल्या, महाराजांना हात जोडले आणि दुकानात भावाची घासाघीस करावी तशा आवाजात विचारलं, "महाराज, आमची सासू आजारी पडली तवा तिचा शनिवारचा उपास म्या घेतला व्हता. अजून करून राह्यली. मंग बापाचा नवस पोरीले घेता येते का नाई?" महाराज म्हणाले, येतो. रक्ताच्या माणसाला येतो. ज्याचा नवस आहे त्यानं स्वतःच्या हातानं टाक्याचं पाणी घेणाऱ्याच्या ओंजळीत द्यायचं, घेणाऱ्यानं ते प्यायचं, की नवस पुढे गेला. प्रदक्षिणा मग घरीही चालेल, जिथं असाल तिथं.

तुझ्या माहितीसाठी सांगते, मी तिथं उभी राहून हिशेब केला. पाण्यात काय काय असणार त्याचा. त्यातल्या कशावर कोणतं औषध चालतं त्याचा. आणि बाबांचा पाय आणखी किती वेळ थांबू शकतो त्याचा. मग ओवरीत गेले आणि म्हणाले, नवस मला द्या.

बाबा एकदम कावरेबावरे झाले. म्हणाले, "तुले काऊन? तुले कंपनीत बूट घालाव लागते. तुह्या मागं कशाला हे?"

"द्या तुम्ही."

"मंग लग्न करशीन?"

"नवस घेते," मी म्हणाले. जे म्हणायचं होतं तेवढंच म्हणाले. त्यांनी त्यातून जे ऐकायचं ते ऐकलं. दारातून काकू म्हणाल्या, अनवाणी फिरून फिरून कटाळशीन, मंग करशीनच. बाबा हसले, आणि मला त्यांच्या तोंडातले दोन दात पडलेले दिसले. ते कधी पडले तेही मला माहीत नव्हतं.

मी बाबांचा पाय धुऊन, माझ्याकडची स्वच्छ पट्टी बांधून, दोन सेवेकऱ्यांच्या मदतीनं त्यांना खुर्चीसकट टाक्यापाशी नेलं. बाबांनी पळी हातात घेतली. पळी त्या हिरव्या पाण्यात बुडाली, फेस बाजूला झाला, परत जुळला. मी ओंजळ पुढे केली. पाणी कोमट होतं. त्यात एक पाकळी होती आणि काहीतरी बारीक हलत होतं. बाबा माझ्याकडे बघत होते, काकू बघत होत्या, मागची रांग बघत होती. मी डोळे मिटले, ओंजळ तोंडाशी नेली, ओठ घट्ट मिटून धरले, पाणी हनुवटीवरून गळ्याकडे जाऊ दिलं आणि ओढणीनं पुसून टाकलं.

आणि पुसतानाच मला तुझा पदर आठवला. दर वर्षी टाक्यापासून परत आलीस की तुझा पदर छातीवर ओला असायचा. मी त्याला तोंड लावायला जायचे आणि तू पदर ओढून घ्यायचीस, म्हणायचीस, थांब, वाळू दे. घरी आल्यावर ते लुगडं तू वेगळं भिजवायचीस, दवाखान्याच्या कपड्यांबरोबर, सोडा घालून. आई, तू ते पाणी प्यायचीस का? की रांगेत उभी राहून, डोळे मिटून, सगळ्यांसमोर ओठ बंद ठेवायचीस? इतकी वर्षं मी तुझ्यावर या एका गोष्टीसाठी नाराज होते. हीच ती शंका. प्रत्येक वेळी पदर इतका ओला कसा व्हायचा, याचं दुसरं स्पष्टीकरण मला सापडत नाही. बाबांना विचारलं तर त्यांना माझ्या ओंजळीबद्दलही शंका येईल.

खाली उतरताना सेवेकऱ्यांनी बाबांना खुर्चीवर उचलून आणलं आणि मी त्याच पायऱ्यांवरून, त्याच सगळ्यावरून, अनवाणी आले, कारण बाबा खुर्चीतून माझ्या पायांकडे बघत होते. बाबांना मागच्या सीटवर आडवं केल्यावर गाडीच्या आड उभं राहून मी तळपायांवर अर्धी बाटली स्पिरिट ओतलं आणि बूट घातले. काकूंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "घाल वं. गाडी तुले चालवाची हाय, देवाले नाई." मग चिवड्याचं पुडकं माझ्यापुढे धरलं. मी नको म्हटलं. पुढचे दोन दिवस मला काही खाववलं नाही.

सेवाग्रामला तुझ्याच दवाखान्यात नेलं. दोन बोटं काढावी लागली, पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर घोट्याखालचं काही सांगता आलं नसतं. तू ज्या वॉर्डात कामाला होतीस त्याच्या वरच्या मजल्यावर बाबा तीन आठवडे होते. फरशीला आजही तोच वास आहे, लाल साबणाचा नाही, पण त्याच्या जातीचा. मी तिथं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. वॉर्डाच्या बाहेर सगळ्यांनाच पादत्राणं काढावी लागतात, त्यामुळे बाबांना मी रोज अनवाणीच दिसले. समाधानानं पायांकडे पाहायचे, एवढंच.

आता ते घरी आहेत. त्यांना मऊ तळाच्या चपला आणल्या. दुकानदारानं तपकिरी दाखवल्या तर बाबा म्हणाले, काळ्या द्या, महाराजांच्या पायात असतात तशा. मी पाकीट उघडलं आणि काळ्या घेतल्या. दुपारी ते पलंगावरून विचारतात, प्रदक्षिणा झाली का. मी चपला घालून घराभोवती एक फेरी मारते आणि झाली म्हणते. त्यांच्या खिडकीतून पाय दिसत नाहीत. तुझ्या नळाला हल्ली पाणी कमी येतं, पण येतं. पुढच्या आठवड्यात मी हैदराबादला परत जाईन. गोळ्यांचं आणि पट्टीचं काकू बघणार आहेत. त्या म्हणतात, तू नवऱ्याचं बघ, बाकी मी बघते. मी त्यांना पट्टी कशी बांधायची ते पुन्हा दाखवते. त्या टेकडीवर मात्र पुन्हा पाय ठेवायचा नाही हे मी ठरवलं आहे.

हे कागद तुझ्या जुन्या लुगड्यांच्या घडीत ठेवून देईन. तुला पोचणार नाहीत, मला माहीत आहे. पण ठेवण्याआधी वरचं एक वाक्य दुरुस्त करायला हवं. कामात चुकीची नोंद राहू दिली तर मला झोप येत नाही. टाक्यापाशी मी ओठ घट्ट मिटून धरले असं लिहिलं आहे. सुरुवातीला धरले होते. पण मिटलेले डोळे मी किंचित उघडले, तर बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या गळ्याकडे बघत होते, घोट खाली उतरतो का ते. इतकी वर्षं एसटीत लोकांची तिकिटं तपासलेला माणूस, त्यांना कळलं असतं. मग मी प्यायले. एक घोट, मोठा. पोट बिघडलं नाही. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.